टाळ्या झाल्या, आता वही उघडा

मराठी साहित्याच्या इतिहासात १० ते १२ जानेवारी २०२० हे तीन दिवस आपल्या जिल्ह्याच्या नावे नोंदले गेले आहेत. ९३ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन उस्मानाबादेत, म्हणजे आजच्या धाराशिव शहरात, भरले आणि त्याचे अध्यक्षपद फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी भूषविले. एक ख्रिस्ती लेखक, तोही व्रतस्थ धर्मगुरू, या आसनावर बसण्याची ती पहिलीच वेळ होती. निवड जाहीर होताच काहींनी तिला कडाडून विरोध केला. तरीही तेरच्या गोरोबाकाकांचे नाव दिलेल्या त्या साहित्यनगरीत संमेलन पार पडले. आपल्या ख्रिस्ती कुटुंबांच्या आनंदाला तर पारावार उरला नाही. छायाचित्रे निघाली, अभिनंदनाचे फलक लागले, टाळ्यांचा कडकडाट झाला.

त्या टाळ्या विरून आता पाच वर्षांहून अधिक काळ लोटला आहे. म्हणून एक परखड प्रश्न विचारणे प्राप्त आहे. त्या संमेलनामुळे आपल्या किती ख्रिस्ती घरांत एखादी नवी वही उघडली गेली? किती तरुणांनी, किती मातांनी, किती शिक्षकांनी दुसऱ्या दिवशीपासून रोज चार ओळी लिहिण्याचा नेम धरला? वाचकांनी आपल्या घरातील कपाट उघडून पाहावे आणि उत्तर स्वतःच द्यावे. कपाटात अभिनंदनाचे कात्रण सापडेल. वही सापडेल की नाही, याची आम्हाला दाट शंका आहे.

आमचे म्हणणे आम्ही आडपडदा न ठेवता मांडतो. उस्मानाबादेत जो गौरव झाला, तो कोण्या अलौकिक देणगीचा झाला, असे आपल्या समाजाने मानून घेतले, आणि देणगी आपल्याजवळ नाही म्हणून आपण सुटलो, असा सोयीचा निष्कर्ष काढला. हा निष्कर्ष खोटा आहे. तिथे गौरव झाला तो मुख्यतः एका सवयीचा. सवय ही देणगी नव्हे. ती कोणालाही लावून घेता येते. आणि म्हणूनच ती न लावण्याबद्दल कोणालाही जाब विचारता येतो.

फादर दिब्रिटो यांचे चरित्र या दृष्टीने पाहावे. वसई तालुक्यातील नंदाखाल गावी १९४२ साली त्यांचा जन्म झाला आणि १९७२ साली त्यांना धर्मगुरुपदाची दीक्षा मिळाली. १९८३ ते २००७ एवढा प्रदीर्घ काळ ते ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादक होते. मासिकाचा संपादक असणे म्हणजे काय, याचा विचार करावा. अंकाची तारीख प्रतिभेची वाट पाहत नाही. ताप असो, प्रवास असो, हरित वसईच्या आंदोलनाची धावपळ असो, छापखान्याला मजकूर द्यावाच लागतो. चोवीस वर्षांत असे अडीचशेहून अधिक अंक निघतात आणि त्या रगाड्यातून लेखकाची बोटे घडतात. अवघ्या बायबलला सुबोध मराठीत आणणारा ग्रंथ अशाच घडलेल्या बोटांनी पेलला. त्या ‘सुबोध बायबल’ला २०१३ साली साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार लाभला. २५ जुलै २०२४ रोजी फादर प्रभुचरणी विलीन झाले. त्यांच्या स्मरणार्थ सभा पुष्कळ झाल्या. परंतु ज्या नित्यनेमाने ते लेखक झाले, त्याचा वारसा घेण्यास कोणी पुढे येताना दिसत नाही.

लेखन ही केवळ देवदत्त देणगी आहे, या समजुतीने आपले जेवढे नुकसान केले आहे, तेवढे निरक्षरतेनेही केले नसेल. निरक्षर मनुष्याला निदान आपण काय गमावतो आहोत याची खंत असे. देणगीवाद्याला खंतही नसते. आम्ही प्रतिभा नाकारीत नाही. सर्वांनाच लक्ष्मीबाई टिळक होता येणार नाही, हे उघड आहे. पण सुतार, गवंडी, शिंपी यांच्याबाबत आपण असे म्हणतो काय? मुलाला शिंपीकाम शिकवायचे तर त्याला रोज यंत्रावर बसवतो. अंगात आल्यावर तो आपोआप सदरा शिवील, असे समजत नाही. मग लेखणीचेच काय असे निराळे आहे?

तेर हे आपल्याच जिल्ह्यातले गाव. तिथल्या गोरोबाकाकांची एक कथा वारकरी परंपरेत सर्वश्रुत आहे. जमलेल्या संतांच्या डोक्यावर थापटणे मारून कोणते मडके पक्के आणि कोणते कच्चे, हे त्यांनी पारखले आणि नामदेवांना कच्चे ठरविले. कथेतील अध्यात्म क्षणभर बाजूला ठेवू आणि कुंभाराचा धंदा पाहू. कुंभार माती भिजवतो, खडे वेचतो, पायांनी चिखल तुडवतो, मग चाकावर बसतो, कच्चे भांडे थापटतो, वाळवतो आणि शेवटी आव्यात घालतो. यांतले एकही काम स्फूर्ती येईपर्यंत थांबत नाही. माती एक दिवस तुडवली आणि सहा महिने सोडून दिली, तर तिचे ढेकूळ होते. आपल्याकडील हौशी लेखनाचे नेमके हेच होते. वर्षातून एकदा चिखल केला जातो आणि मडके का बनत नाही म्हणून दैवाला बोल लावला जातो.

फादर थॉमस स्टीफन्स यांचे उदाहरण याहून बोलके आहे. ते जन्माने इंग्रज. १५७९ साली गोव्यात आले, सासष्टीत धर्मसेवा करताना इथली भाषा शिकले आणि त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली रायतूरच्या छापखान्यात रोमन लिपीत छापले गेले. त्यात सुमारे अकरा हजार ओव्या आहेत. हा आकडा ऐकून आपण हात जोडतो आणि पुढे जातो. हात जोडण्याऐवजी जरा हिशेब करून पाहू. दिवसाला दहा ओव्या धरल्या, तर अकरा हजार ओव्यांना अकराशे दिवस, म्हणजे तीन वर्षे आणि काही दिवस लागतात. त्यांनी या गतीने लिहिले, असा आमचा दावा नाही. प्रचंड वाटणारे काम रोजच्या मापाने मोजले की माणसाच्या आवाक्यात येते, एवढेच आम्हाला दाखवायचे आहे. शिवाय ही भाषा त्यांच्या आईची नव्हती. आपल्या तर ती आईच्या दुधाबरोबर आली आहे.

आता आपल्या समाजात ऐकू येणाऱ्या सबबींचा परामर्श घेऊ. पहिली सबब वेळेची. शेतकऱ्याला पेरणी आहे, शिक्षकाला पेपर तपासायचे आहेत, गृहिणीला चूल आहे, नोकरदाराला बस गाठायची आहे. कष्टांची ही यादी खरी आहे आणि कष्टांची थट्टा करण्याचा आमचा हेतू नाही. पण ज्या घरात रोज रात्री तासभर मोबाइलच्या पडद्यावर बोट फिरत असते, त्या घराने वेळेचे नाव घेऊ नये. पाव तास रोज, एवढीच मागणी आहे. पाव तास म्हणजे वर्षाकाठी ९१ तास. एवढ्या वेळेत दिवसाला अर्धे पान जरी लिहिले, तरी वर्षाकाठी एकशे ऐंशी पाने भरणे अवघड नाही. लक्ष्मीबाई टिळकांना काय फावला वेळ होता? शाळेचे तोंड न पाहिलेली ही बाई विवाहानंतर अक्षरे शिकली. ओढग्रस्तीचा संसार, स्थलांतरे, प्लेगचे दिवस, घरात सांभाळलेली परकी मुले, आणि १९१९ नंतरचे वैधव्य, या सर्वांतून तिने लेखणी चालती ठेवली. पतीचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ तिने ६४ अध्यायांची भर घालून पूर्ण केले. ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग १९३४ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा तिने पासष्टी ओलांडली होती. ती आपल्या पंथाची नव्हती. पण तिचा धडा घेण्यास पंथाची आडकाठी कशाला?

दुसरी सबब भाषेची. “आमची भाषा अशुद्ध, मराठवाडी, ती कागदावर कशी शोभेल?” असे म्हणणाऱ्यांची आम्हाला कीव येत नाही, संताप येतो, कारण ही लाज त्यांची स्वतःची नसून दुसऱ्याने त्यांच्या माथी मारलेली आहे. निजामी राजवटीत, १९४८ पर्यंत, या भागात कारभाराची आणि शिक्षणाची भाषा उर्दू होती; मराठी लिहिणाऱ्याला वाव थोडा होता, हे मान्य. पण त्यानंतर तीन पिढ्या मराठी शाळेत शिकल्या. लातूर १९८२ पर्यंत आपल्याच जिल्ह्याचा भाग होता. त्या लातूरजवळच्या धनेगावच्या लक्ष्मण गायकवाड यांनी ‘उचल्या’ लिहिले. ज्या जमातीला सरकारी दप्तराने जन्मतःच गुन्हेगार ठरविले होते, त्या जमातीतील मुलाने स्वतःची कहाणी आपल्या बोलीचा ठसका न गमावता सांगितली आणि १९८८ साली त्या पुस्तकाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. त्याआधी दया पवारांचे ‘बलुतं’ १९७८ साली आणि लक्ष्मण मान्यांचे ‘उपरा’ १९८० साली आले. गावकुसाबाहेरच्या या लेखकांनी प्रमाण भाषेची परवानगी मागितली नाही. आपली कितीतरी कुटुंबे अशाच वस्त्यांतून येऊन ख्रिस्ती श्रद्धेत रुजली. त्या प्रवासाची कथा मात्र त्यांनी स्वतः लिहिलेली फार थोडी आढळते.

तिसरी सबब सर्वांत घातक आहे. “आमच्या साध्या आयुष्यात लिहिण्याजोगे आहे तरी काय?” या प्रश्नाचे उत्तर आम्ही वेदीवरून नव्हे, दफनभूमीवरून देतो. अंत्यविधीपूर्वी आम्ही कुटुंबीयांना मृताबद्दल विचारतो. उत्तर बहुधा ठरलेले असते : आजी फार मायाळू होत्या, कष्टाळू होत्या, देवभीरू होत्या. त्यांचे बालपण कोणत्या गावी गेले? त्यांच्या घरात श्रद्धेचा पहिला दिवा कोणी लावला? १९७२ च्या दुष्काळात दुष्काळी कामावर खडी फोडताना त्यांच्या सोबत कोण होते? मुले एकमेकांच्या तोंडाकडे पाहतात. ऐंशी वर्षांचे एक आयुष्य तीन विशेषणांत संपते आणि मातीआड जाते. प्रेम नव्हते असे नाही, नोंद नव्हती.

ख्रिस्तसभेने नोंदीचे महत्त्व केव्हाच ओळखले होते. ट्रेंटच्या महासभेने १५६३ साली विवाहाची नोंदवही ठेवण्याचे बंधन प्रत्येक धर्मग्रामावर घातले. आजही स्नानसंस्कार, विवाह आणि मृत्यू यांच्या वह्या धर्मगुरूला काटेकोर ठेवाव्या लागतात. त्या वह्या चाळताना एक विचार मनाला अस्वस्थ करतो. आपल्या बहुसंख्य श्रद्धावंतांचे अस्तित्व कागदावर फक्त तीन ओळींपुरते आहे, आणि त्या तिन्ही ओळी दुसऱ्यानेच लिहिल्या आहेत. या तीन ओळींच्या मधले सारे आयुष्य कोणी लिहायचे? ते काम नोंदवहीचे नाही. ते ज्याचे त्याचे आहे.

याची किंमत काय असते, हे धाराशिवकरांना वेगळे सांगावयास नको. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेशविसर्जन आटोपून गावे गाढ झोपली असताना धरणीकंप झाला. लातूर जिल्ह्यातील किल्लारी आणि आपल्या जिल्ह्यातील सास्तूर ही नावे जगभर पोहोचली. दगडमातीच्या रुंद भिंती आणि माळवदाची जड छपरे निजलेल्यांच्या अंगावर आली. सरकारी नोंदीप्रमाणे सुमारे आठ हजार माणसे दगावली. ५२ गावे जुन्या जागेवरून उठवून नव्याने वसवावी लागली. भूकंपाची तीव्रता, घरांचे नमुने, खर्चाचे आकडे, सारे अहवालांत आहे. पण त्या अंधारात कोणी कोणाला हाक मारली, ढिगाऱ्याशी पहिला हात कोणाचा लागला, जात-धर्म विसरून कोणी कोणाला पाणी पाजले, नव्या वसाहतीच्या सरळ रेषेत जुन्या आळीचा शेजार कसा हरवला, हे अहवालात नसते. ते फक्त माणसांजवळ असते. तेव्हा वीस वर्षांची असलेली सून आज पन्नाशी ओलांडून गेली आहे. तेव्हा चाळिशीत असलेला कर्ता पुरुष सत्तरीपलीकडे गेला आहे. आणखी वीस वर्षांनी कोणाला विचारणार? संत लूक यांनी शुभवर्तमान लिहिण्यापूर्वी प्रत्यक्ष पाहणाऱ्यांच्या साक्षींचा मागोवा घेतला, असे ते स्वतःच आरंभी सांगतात. साक्षीदार हयात असतानाच वही उघडायची असते.

आमच्या म्हणण्यावर एक प्रामाणिक आक्षेप घेतला जाईल आणि तो टाळणे योग्य होणार नाही. काही जाणकार म्हणतील, रोज लिहायचे म्हणून लिहिले तर पाल्हाळ वाढेल. मनुष्याने सांगण्याजोगे असेल तेव्हाच लिहावे. जगात निकृष्ट मजकूर काय कमी आहे? या आक्षेपात तथ्य आहे. नियमाने लिहिलेल्या दहा पानांपैकी नऊ टाकाऊ निघतील, हे आम्हीही मानतो. परंतु ज्वारीची रास करताना धान्य आणि भुसा एकदमच पडतात. वारा धरून उफणावे लागते. भुसा नको म्हणून मळणीच न करणाऱ्याच्या कणगीत काय पडणार? शिवाय सांगण्याजोगे काही आहे की नाही, हे लिहू लागल्याखेरीज कळतच नाही. मनात जे स्पष्ट वाटते, ते कागदावर उतरवताना अडखळते. आणि त्या अडखळण्यातच विचार सुरू होतो. छापणे आणि लिहिणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. छापण्यात संयम हवा. लिहिण्यात सातत्य हवे. जाणकारांनी पहिल्या गोष्टीचा नियम दुसरीला लावून पुष्कळांची लेखणी अकारण थांबविली आहे.

याउलट, सवयीच्या जागी आपण जे बदली कामगार नेमले आहेत, त्यांच्याविषयी आमची तक्रार अधिक गंभीर आहे. पहिला बदली कामगार म्हणजे नाताळ विशेषांक. डिसेंबर जवळ आला की संपादकांची पत्रे जातात आणि अकरा महिने म्यान केलेल्या लेखण्या उपसल्या जातात. मग गोठा, तारा आणि मेंढपाळ यांवर दरसाल तीच वाक्ये नव्या तारखेने प्रसिद्ध होतात. दुसरा म्हणजे एकदिवसीय लेखन शिबिर. सकाळी उद्घाटन, दुपारी भोजन, सायंकाळी प्रमाणपत्र. आणि दुसऱ्या दिवशी सर्व शांत. शिबिराला आमचा विरोध नाही. पण ज्या शिबिरानंतर तीस दिवस रोज लिहिण्याचा संकल्प होत नाही, ते शिबिर म्हणजे सहल आहे. तिसरा म्हणजे आलेला संदेश पुढे ढकलणे. शुभसकाळीची फुले, कोणाचे तरी सुविचार आणि कोणाचे तरी अश्रू या हातातून त्या हातात जातात. आता तर यंत्राला चार शब्द सांगितले की ते सुबक निबंध लिहून देते. यंत्राला व्याकरण येते. पण आपल्या आजोबांच्या विहिरीला पाणी कोणत्या साली लागले आणि ती कोणत्या साली आटली, हे त्याला कोण सांगणार? ते आधी आपणच लिहून ठेवलेले असावे लागते.

धर्मगुरू बांधवांनाही यातून सूट नाही. शनिवारी रात्री कोठून तरी उतरवून घेतलेले प्रवचन रविवारी वाचून दाखविले, तर श्रद्धावंतांना ते कळत नाही असे कोणी समजू नये. ज्या प्रवचनात गावचा पाऊस नाही, ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबाची बंद झोपडी नाही, परीक्षेत नापास झालेला मुलगा नाही, ते प्रवचन कोणत्याही गावचे असते, म्हणजेच कोणत्याच गावचे नसते. संत पौलांनी पत्रे लिहिली ती विशिष्ट गावांना, विशिष्ट भांडणांविषयी, अनेकांची नावे घेऊन. आणि काही तर बंदिवासातून. फुरसत आणि शांत खोली मिळेपर्यंत ते थांबले असते, तर आपल्या नव्या कराराचा मोठा भाग कोरा राहिला असता.

लेखनाची चिकाटी काय असते, हे यिर्मया संदेष्ट्याच्या ग्रंथाच्या ३६ व्या अध्यायात पाहावे. यिर्मयाने सांगितले आणि बारुखाने शाईने गुंडाळीवर लिहिले. ती गुंडाळी राजा यहोयाकीमपुढे वाचली गेली, तेव्हा हिवाळा होता आणि राजापुढे शेगडी पेटलेली होती. वाचून झालेला भाग चाकूने कापून राजाने शेगडीत टाकला. असे करता करता सारी गुंडाळी जळाली. मग काय झाले? संदेष्ट्याने दुसरी गुंडाळी घेतली, बारुखाने सर्व मजकूर पुन्हा लिहिला आणि त्यात आणखी भर पडली. आपल्याकडे वही जाळायला राजाची गरजही पडत नाही. वाळवी आहे, गळके पत्रे आहेत, रद्दीवाला आहे. तरीही उपाय तोच : दुसरी वही घ्यावी आणि पुन्हा लिहावे.

केवळ टीका करून थांबणे आम्हाला मान्य नाही. म्हणून मार्गही सांगतो. समर्थ रामदासांनी रोज काहीतरी लिहीत जावे, असे बजावले, ते आपल्या शाळांच्या फळ्यांवर सुविचार म्हणून झळकते. फळा पुसला की उपदेशही पुसला जातो. सवय उपदेशाने लागत नाही, ती जागा आणि वेळ ठरविल्याने लागते. ज्या घरात रात्री जपमाळेची प्रार्थना होते, तिथे सवयीचा एक खुंटा आधीच ठोकलेला आहे. त्यालाच ही दुसरी सवय बांधावी. प्रार्थना संपली की वही उघडावी. वही आणि लेखणी नेहमी एकाच जागी असावी, म्हणजे शोधण्यात उत्साह संपणार नाही. आरंभी तारीख घालावी, गावाचे नाव घालावे. माप लहान ठेवावे. पाच ओळी पुरेत. मोठे माप ठरविणारे आठव्या दिवशी थकतात. एक दिवस चुकला तर वाईट वाटून घेऊ नये, पण सलग दोन दिवस चुकू देऊ नये. लिहिलेले त्याच दिवशी दुरुस्त करीत बसू नये. रविवारी आठवड्याची पाने मोठ्याने वाचावी, म्हणजे कोणते वाक्य लंगडते ते कानालाच कळते.

विषयाची चिंता करणाऱ्यांनी प्रथम एक महिना केवळ घडलेले लिहावे : आज बाजारात तुरीला काय भाव मिळाला, टँकर किती वाजता आला, आजी काय बोलली. दुसऱ्या महिन्यात आठवणारे लिहावे. तिसऱ्या महिन्यात घरातील सर्वांत वृद्ध व्यक्तीजवळ बसून तिचे बोल तिच्याच शब्दांत उतरावेत. ज्यांना लिहिता येत नाही, त्यांनी सांगावे आणि शाळकरी नातवाने लिहावे. बारुखही दुसऱ्याचेच शब्द लिहीत होता. धर्मग्रामांनीही आपला वाटा उचलावा. दर तिमाहीला एका सायंकाळी पाच कुटुंबांनी आपापल्या वहीतील एकेक पान वाचावे. तिथे हार नको, प्रमुख पाहुणे नकोत, प्रमाणपत्र तर नकोच. जे पान ऐकणाऱ्यांना पुन्हा ऐकावेसे वाटेल, ते संपादकांकडे धाडावे. अहमदनगरहून ‘ज्ञानोदय’ १८४२ साली निघाला आणि ‘निरोप्या’ १९०३ साली सुरू झाला. मराठी ख्रिस्ती माणसाला छापून यायला जागाच नव्हती, असे म्हणण्याची सोय शतकापूर्वीच संपली आहे. उणीव जागेची नाही, हस्तलिखितांची आहे.

आपण संख्येने थोडे आहोत, विखुरलेले आहोत. मोठ्या समाजांच्या आठवणी देवळे, किल्ले, जत्रा आणि पाठ्यपुस्तके सांभाळतात. नळदुर्गचा किल्ला कोणी काही लिहिले नाही तरी उभा राहील. आपल्या वस्तीतील पत्र्याच्या छपराचे पहिले प्रार्थनाघर, रात्री कंदील घेऊन येणारी धर्मशिक्षिका, सायकलवरून सात गावे फिरणारा प्रचारक, यांना असा दगडी आधार नाही. त्यांना कागदच टिकवील. आणि ते कागद आपण लिहिले नाहीत, तर उद्या आपल्याविषयी जे लिहिले जाईल ते दुसरा कोणीतरी, आपल्याला न विचारता आणि कदाचित आपल्यावर राग धरून लिहील. मग त्याचे खंडन कशाच्या आधारे करणार?

म्हणून आमची वाचकांना आग्रहाची विनंती आहे. हा लेख आवडला म्हणून आम्हाला पत्र पाठवू नका आणि आवडला नाही म्हणून वादही घालीत बसू नका. निदान आज तरी नको. शाळेच्या दप्तरातील एखादी अर्धी कोरी वही घ्या. वर आजची तारीख आणि आपल्या गावाचे नाव लिहा. त्याखाली घरातील सर्वांत वृद्ध माणसाचे पूर्ण नाव, त्याचे जन्मगाव आणि त्याने आज उच्चारलेले एक वाक्य लिहा. उद्या त्याच वेळी त्याच जागी पुन्हा बसा.